दोन थडग्यांमधली जागा

मी, अच्युत त्र्यंबक सहस्रबुद्धे, वय अठ्ठावन्न, मूळचा वाईचा, गेली सतरा वर्षे राहणार ओबियालेम, जिल्हा कितगुम, उत्तर युगांडा, धंदा मराठी वर्तमानपत्रांना बातमीपत्रे पाठवणे, आडनावातल्या हजारांपैकी निदान एक बुद्धी शाबूत असताना आणि कोणीही हात न पिरगळता हे मृत्युपत्र लिहीत आहे. सोमवारी कंपालात माझ्या हृदयाची झडप बदलणार आहेत. डॉक्टर म्हणाले, "निम्मे-निम्मे समजा." कोणते निम्मे, हे विचारायचे राहून गेले.

१. झोपडी आणि अंगण मला इथे राहायला जागा देणाऱ्या ओब्वोनादादांच्या कुळाचे. ते त्यांच्याकडे परत जाईल. द्यायला ते माझे कधी नव्हतेच.

२. सायकल. शेजारच्या अब्वोयोबाईंची नात लायेत सातवी पास होऊन घरी बसली आहे, कारण माध्यमिक शाळा बावीस किलोमीटरवर. तरीही सायकल तिला देऊ नये. दिली, तर 'झाली सोय' म्हणून गाव सुस्कारा सोडेल आणि इथे बांधायची शाळा राहूनच जाईल. शाळेच्या बांधकामासाठी गावात लिलाव भरतो, सायकल त्यात मांडावी.

३. कोंबडी. आमच्या लिलावात ज्याची बोली लागते, तो कोंबडी परत देतो, म्हणजे ती पुन्हा विकता येते. एकच कोंबडी संध्याकाळपर्यंत भिंतभर विटा जमवते. मी नवखा होतो. पहिल्याच लिलावात तिसऱ्या बोलीला मी ती जिंकली, घरी नेली आणि तिचा रस्सा केला. विटा भाजणाऱ्या अब्वोयोबाई तेव्हापासून सांगत असतात, "आमची एक भिंत ह्याच्या पोटात आहे." सबब माझ्या पैशांतून एक तरणी पांढरी कोंबडी घेऊन लिलावात द्यावी. ती किती वेळा विकली गेली, हे कोणीतरी मला येऊन सांगावे. कुठे यायचे, ते पाचव्या कलमात आहे.

४. व्याकरणाच्या दोन पोथ्या शाळेला. वाळवीने षष्ठी विभक्ती खाल्ली आहे. माझे-तुझे दाखवणारी तीच, त्यामुळे या गावात ती नसलेलीच बरी.

५. देह. सरकार आणि बंडखोरांच्या लढाईत सगळे गाव बारा वर्षे छावणीत होते. परत येऊन बघतात तो हद्दीची झाडे कोणीतरी तोडून जाळलेली. तेव्हापासून इथे थडगे हाच सातबारा. उत्तरेला ओब्वोनादादांचे आजोबा, दक्षिणेला अब्वोयोबाईंचे यजमान. मधली जागा शाळेसाठी ठरली, पण देताना ती कोणाची म्हणून द्यायची, यावर दोघे सहा वर्षे भांडताहेत. विटा तयार आहेत. माझ्या वाचकांनी वर्गणी काढून छपराचे पत्रे घेतले आहेत. पण वर्गणीदारांनी कळवले आहे की वादाच्या जागेवर छप्पर चढणार नाही. फेब्रुवारीअखेर निकाल लागला नाही, तर पत्रे दुसऱ्या गावाला जातील.

म्हणून मला बरोबर मध्यावर पुरावे. मला मूलबाळ नाही, इथे भाऊबंद नाहीत. बिनवारशी थडगे कोणाच्या बाजूने साक्ष देणार? मधली जागा मग ना उत्तरेची ना दक्षिणेची, थेट शाळेची. वाईची माझी बहीण कुसुमताई अग्नीचा हट्ट धरील. ताई, राख वाऱ्याने जाते. हद्द सांगायला हाडेच लागतात.

हे कलम काल दोघांना वाचून दाखवले.

"आणि मेला नाहीस तर?" अब्वोयोबाई म्हणाल्या. "पोरींनी तुझ्या मरणाची वाट बघत बसायचं का, बातमीवाल्या?"

"अहो बाई, शुभ बोला की!"

"शुभ तुम्ही बोला, ओब्वोना. मी फेब्रुवारीचे दिवस मोजतेय."

शंका रास्त होती. तेव्हा असे ठरले, की जागा आजच आखायची. आखलेले थडगेही इथे भरलेल्या थडग्याइतकेच धरतात, त्यावर कोणी वाद घालत नाही. दोघे आपापल्या थडग्यापासून एकमेकांकडे चालत निघाले. पावले सारखी पडली नाहीत, मोजणीवरून वाद झाला, पण भेटले ते एकाच जागी. तिथे चार दगड ठेवले आहेत. मी आडवा होऊन पाहिले. पाय जरा बाहेर राहतात, चालवून घेईन.

६. साक्षीदार. कायद्याने साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही मिळता कामा नये. दोघांना काहीच न मिळण्याची ही एकच वाट मला सापडली, म्हणून साक्षीला हेच दोघे. रेडिओ ओब्वोनादादांना द्यायचा होता, तोही हुकला. तो लिलावात जावा.

मरणाचे भय आहेच. पण त्याहून मोठे कुतूहल हे, की लायेत पहिल्या दिवशी कोणत्या बाकावर बसते.

(सही) अच्युत त्र्यंबक सहस्रबुद्धे
ओबियालेम, ७ फेब्रुवारी २०२४

साक्षीदार
१) ओब्वोना लापिएम (सही). वाचून ऐकले. मधली जागा शाळेची. रेडिओ तसाही खरखरतो.
२) अब्वोयो (डाव्या अंगठ्याचा ठसा). त्यांनी सांगितले तसे लिहिले: मान्य. खड्डा आखलाय, भरायची घाई नको. कोंबडी ह्याने परत येऊन स्वतःच्या हाताने द्यावी.