उभा पेला

३ नोव्हेंबर १८२३
पोचलो एकदाचा. यॉर्कशायरच्या डोंगरातलं गाव, पण खोली ऊबदार. खाली गुत्ता, समोरच माझं घड्याळदुरुस्तीचं दुकान. मालकीण मिसेस पिकर्सगिल बोलकी आहे. खोलीतल्या शेकोटीवरच्या फळीच्या वर एक जुनं छापचित्र टांगलंय, कुठल्याशा दारूगाण्याची टवाळी. पाद्री, वकील आणि डॉक्टर टेबलाभोवती, नाकं भोपळ्याएवढी. चौथी खुर्ची रिकामी. खाली गाण्याची ओळ: 'जागा आहे, बस की लेका.' माझी एलेन वारल्यापासून आज पहिल्यांदा हसलो.

८ नोव्हेंबर
गुत्त्यात परक्याला कोणी बाकावर जागा देत नाही. मी गेलो की बोलणंच थांबतं. शेवटी बिअर वर आणली आणि चित्रातल्या तिघांच्या नावानं प्यालो. आपल्याला हेच सोबती. पेला फळीवर ठेवला.

९ नोव्हेंबर
सकाळी पेला भरलेला. मालकिणीची माया. बरं वाटलं.

१४ नोव्हेंबर
मालकिणीचे आभार मानले, तर तिचा चेहराच उतरला. ती वर येतच नाही म्हणे. इथे पिऊन झालं की पेला उपडा घालतात. उभा ठेवला, तर मी अजून बैठकीत आहे, ओता, असा अर्थ.
"अहो मिस्टर थॉर्पे, उपडा घाला तो. आजच घाला."
आधीचा भाडेकरू कुठे गेला विचारलं, तर भांडी घासायला निघून गेली.
नाही घातला. खरं सांगायचं तर, माझ्यासाठी कोणीतरी ओततंय हे मला आवडलं होतं.

१७ नोव्हेंबर
चित्रातल्या चौथ्या खुर्चीत कोणीतरी बसलंय. पाठमोरं. मान बगळ्यासारखी लांब काढलीय. शाळेत मला याच मानेवरून चिडवायचे.

१८ नोव्हेंबर
भरला पेला उपडा घालता येत नाही, आधी संपवावा लागतो. संपवतो — हात फिरवेपर्यंत पुन्हा भरलेला. दुपारभर हेच —

२० नोव्हेंबर
खाली गेलो. हाका मारल्या. मालकिणीनं बाक पुसला. मी बसलेलो असताना. फडकं माझ्या मांडीवरून — मला लागलंच नाही —

रविवार
आत्ता रिकामा आहे. भरत नाहीये. मनगट वळवलं की सुटलो —
सुटून जायचं कुणाकडे —
चित्रातले ते तिघं हाक मारताहेत. मिस्टर थॉर्पे नाही. एनॉक. नुसतं एनॉक. एलेननंतर कोणी —
पेला उभाच ठे