पहिला प्लस

२ सप्टेंबर, सोमवार
शाळा सुरू. फुलं, भाषणं, पहिलीतल्या पोरांची रडारड. आणि एकही माणूस समोर बघत नव्हता. सगळे फोनमधून बघत होते. शिसारी आली.
शाळेचे मागच्या वर्षी सात ग्रुप होते, आता अकरा. शिक्षकांचा, पालकांचा, कॅन्टीनचा, झाडांचा. झाडांचा! उझबेकिस्तानात, त्यातही आमच्या मर्गिलानमध्ये, झाडांना आजवर फोन लागत नव्हता.
संकल्प : शाळेच्या वेळेत फोन ड्रॉवरमध्ये. कुलूप लावून.

३ सप्टेंबर
ड्रॉवरची किल्ली सापडत नाही. तोवर फोन टेबलावर, पण उलटा.
प्लसची साथ तर अशी पसरलीय की बोलायची सोय नाही. डायरेक्टर मुकद्दस-ओपा ग्रुपवर काहीही टाकतात आणि खाली रांग लागते. प्लस, प्लस, प्लस. म्हणजे वाचलं, पटलं, आज्ञा शिरसावंद्य. शिकलेली माणसं, डिप्लोमावाली, आणि मेंढरांसारखी एकामागे एक.
मीही टाकतो. पण माझं वेगळं. मी उपमुख्याध्यापक, सगळ्यांचा दोमला, गुरुजी. मी टाकला नाही तर बाकीचे खोळंबतात. म्हणून पहिला टाकतो. ही शिस्त झाली.

५ सप्टेंबर
मधल्या सुट्टीत तोलिब-अकाच्या वर्कशॉपमध्ये हिरवा चहा. साऱ्या शाळेत माणसासारखी बसायची एवढीच जागा उरलीय. अक्रोडाच्या भुशाचा वास, खिडकीत चहाची किटली. तोलिब-अका मुलांना सुतारकाम शिकवतो. त्याच्याकडे बटणांचा फोन आहे, तोही मुलगा रशियातून करतो तेव्हाच वाजतो. ग्रुपमध्ये तो नाहीच.
आज किटली उतरवता उतरवता म्हणाला, दोमला, ऐकतोय ते खरं का? माझं वर्कशॉप काढून तिथे कसला तो स्टुडिओ करणार म्हणे?
मी म्हटलं, अफवा.
तो म्हणाला, अफवा असेल तर बरंच. पेन्शनला दोन वर्षं आहेत. वर्कशॉप गेलं की मी गेलो. या वयात मला कोण ठेवून घेणार? सुनेकडे पीठ चाळत बसायचं का?
मी छातीवर हात ठेवून सांगितलं : मी असेपर्यंत तुझ्या एका रंध्यालाही कोणी हात लावणार नाही. शिक्षकसभेत उभा राहीन आणि बोलेन.
त्याचे डोळे भरून आले. माझेही आले असते, पण फोन वाजला.

६ सप्टेंबर, शुक्रवार
जुमा मुबारकच्या चित्रांना ऊत आलाय. गुलाब, मशिदी, दवबिंदू, मांजराचं पिल्लू. मांजराचा आणि जुम्याचा संबंध काय, हे कोणी सांगेल का? सकाळपासून फोन गुरगुरतोय. किळस.
मी एकच पाठवलं. साधं. कारंजं होतं, पण शांत.
दुपारी पाहिलं तर बावीस जणांनी बघितलंय आणि हृदय फक्त चौघांचं. त्यातलं एक माझ्याच सुनेचं. माणुसकी संपली.

१० सप्टेंबर
झाडं लावायचा दिवस. खरं म्हणजे झाडं लावतानाचा फोटो काढायचा दिवस. जिल्ह्याला फोटो-अहवाल लागतो. काम झालं की नाही हे कोणी विचारत नाही, फोटो पाठवला का विचारतात. फरशी पुसणाऱ्या बाईंनाही आधी बादलीसकट उभं करतात, मग पुसू देतात.
एकच जर्दाळूचं रोप. आधी आम्ही धरलं, मग पाचवीने, मग नर्सने. शेवटी ते कुठे गेलं कोणास ठाऊक. मी स्पष्ट सांगितलं की हा तमाशा आहे.
फोटोत मी मधे आहे. माझ्या डोक्यावरची दोप्पी नवी होती म्हणून सगळ्यांनी आग्रह केला.

११ सप्टेंबर
शिक्षकसभा वीस तारखेला. भाषण लिहायला घेतलं. तीन भाग : श्रमाचं मोल, हातांचं शिक्षण, तोलिब-अकाची तीस वर्षांची सेवा. ऐकून मुकद्दस-ओपांच्या डोळ्यांत पाणी आलं पाहिजे.
शीर्षक लिहून झालं. शीर्षक चांगलं आहे. मग ग्रुपवर कॅन्टीनच्या समोशांवरून भांडण पेटलं. कोणीतरी जबाबदार माणसाने वाचत राहणं भाग होतं.

१३ सप्टेंबर
जेवताना सुनेला सुनावलं, ताटावर बसून फोन बघू नये, बरकत जाते. बायको, हुर्रिया, म्हणाली, अहो, तुमच्या बाहीला शोरबा लागलाय. मघापासून चमचा सोडून फोन बुडवताय.
माझं ते सरकारी काम. बायकांना फरक कळत नाही.

१४ सप्टेंबर
मुकद्दस-ओपांनी आता लिहायचंही सोडलं. बोलून पाठवतात. सात सात मिनिटं! पहिली दोन मिनिटं सलाम, तब्येत, मुलंबाळं, हवा. मग खोकला. मग मागे कोणीतरी दार आपटतं. मुद्दा शेवटी, तोही असला तर. कान किटले.
मात्र एक शोध लागला. न ऐकताही प्लस टाकता येतो. एवढा वेळ वाचतो! तो सगळा भाषणाला देणार.

१६ सप्टेंबर, सोमवार
तोलिब-अकाकडे चहा. त्याने तंदूरमधून गरम नान आणली होती, वर द्राक्षं. नान मोडून माझ्यापुढे ठेवली आणि विचारलं, भाषण कुठवर आलं?
म्हटलं, जवळजवळ झालंच.
तेवढ्यात ओपांचा आवाजी निरोप. सहा मिनिटं चाळीस सेकंद. घास गिळायच्या आत प्लस टाकून मोकळा झालो. सगळ्यांत पहिला. तोलिब-अकाने विचारलं, काय आलं? म्हटलं, कचरा रे. तू सुखी आहेस, तुला यातलं काही नाही.
तो म्हणाला, सुखी खरा. तुम्ही आहात ना तिकडे.
परतताना पाहिलं तर माझ्याखाली चाळीसेक प्लस. मेंढरं.

२० सप्टेंबर, शुक्रवार. दुपारी
सभा रद्द.
मी कोट घालून, कागद घेऊन तयार होतो. मुकद्दस-ओपा म्हणाल्या, आता सभा कशाला दोमला, सोमवारी ग्रुपवर एकमताने ठरलंय. वर्कशॉपच्या जागी स्टुडिओ, तोलिब-अकांना एक ऑक्टोबरला, शिक्षकदिनी, सन्मानाने निरोप. मी विचारलं, एकमत कोणाचं? त्यांनी फोन पुढे केला. म्हणाल्या, पहिला तुमचाच की! मला वाटलं होतं तुम्ही भांडाल. तुमचा प्लस बघितल्यावर बाकीचे का थांबतील?
बाथरूममध्ये जाऊन निरोप पूर्ण ऐकला. सलाम, तब्येत, हवा, खोकला. मग शेवटी, अगदी शेवटी : 'कोणाला काही म्हणायचं असेल तर लिहा, पटलं असेल तर प्लस.'
अशी वाक्यं शेवटी ठेवतात का? सुरुवातीला सांगायला काय होतं?

२० सप्टेंबर. संध्याकाळी
प्लस पुसून टाकला. अजून पुसता येतो. तंत्रज्ञानाचा हा एक फायदा मान्य.
ओपांना कळवलं. त्या म्हणाल्या, स्क्रीनशॉट जिल्ह्याला गेलाय.
संकल्प : उद्या तोलिब-अकाला स्वतः सगळं सांगणार. डोळ्यांत बघून.

२१ सप्टेंबर
तो मुलांमध्ये होता. मुलांदेखत बरं दिसत नाही.

२३ सप्टेंबर
आज सांगणारच होतो. वर्कशॉपमध्ये पाय टाकला आणि त्याने फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी हातात दिलं. अक्रोडाची लावह. ग्रंथ वाचायला ठेवतात ती घडीची घोडी, वर डाळिंबाची नक्षी. एकाच फळीतून काढलेली, कुठे खिळा नाही. म्हणाला, सभा पुढे ढकलली असं ऐकलं, तेवढ्यात पुरी झाली. भाषणाचे कागद यावर ठेवा. हात मोकळे राहतील, जोरात बोलता येईल.
घेतली. न घेऊन त्याचं मन कसं मोडू?
घरी हुर्रिया म्हणाली, काय सुंदर केलीय हो! कशाबद्दल दिली? मी म्हटलं, डोकं दुखतंय.

२६ सप्टेंबर
अखेर ओपांनीच त्याला ऑफिसात बोलावून सांगितलं. मी जिल्ह्यावर गेलो होतो. काम तसं पोस्टानेही झालं असतं.
दुपारी परतलो तर बाकं बाहेर काढत होते आणि काढतानाचा फोटो काढत होते. रंधे, करवती, पटाशा पोत्यात भरून गोदामात. भिंतीला भडक हिरवा रंग. त्याच्यासमोर उभं राहिलं की मागे ताजमहालसुद्धा दाखवता येतो म्हणे. वर्कशॉपमध्ये मुलांच्या हातून निदान स्टूल तरी व्हायचं. ओकारी आली.
स्टुडिओ समितीचा अध्यक्ष मला केलंय. नाही म्हणणार होतो. पण आत राहूनच विरोध करता येतो.
तोलिब-अका अंगणात किटली धूत होता. मला बघून हात हलवला. म्हणाला, तुम्ही भांडलात, मला माहीत आहे. तुमचं तरी कुठे चालतं?
मी मान खाली घातली. खोटं एक अक्षर बोललो नाही.

१ ऑक्टोबर, शिक्षकदिन
समारंभ. नव्या स्टुडिओतून पहिलं थेट प्रक्षेपण. तोलिब-अकाला चापान पांघरवायचा मान मला. अंगरखा त्याला मोठा झाला, बाह्यांत त्याचे हात दिसेनात. फोटोवाला ओरडला, हसा, मिठी मारा, अजून जवळ!
मिठीत तो कानाशी बोलला. हसू तसंच ठेवून, फोटोसाठी. म्हणाला, दोमला, काल सुनेने तुमचा ग्रुप दाखवला. तिच्या मैत्रिणीच्या फोनवर होता. तुमचं नाव सगळ्यांत वर. तुम्ही नंतर पुसलंत म्हणे, पण पोरीने आधीच फोटो काढून ठेवला होता.
मी म्हटलं, तोलिब-अका, मी ऐकलंच नव्हतं रे, न ऐकता...
तो म्हणाला, हो, मी समोरच बसलो होतो की. नान मोडून देत होतो.
फोटोवाला म्हणाला, सुंदर! अजून एक!
लावह परत करतो म्हटलं. तो म्हणाला, असू दे, तुमच्या मापाची आहे. चापान घडी करून खुर्चीवर ठेवला आणि भरल्या टेबलावरून उठून गेला. पुलाव अजून वाढायचाच होता. कोणी अडवलं नाही, सगळे फोटो बघत होते. मी उठणार होतो.

१ ऑक्टोबर. घरी
स्वतःचीच किळस आली. असं पहिल्यांदाच लिहितोय. उद्या कदाचित खोडेन.
फोन लावहवर ठेवलाय. नेमका बसतो, हात मोकळे राहतात. ओपांनी मिठीचा फोटो टाकलाय. खाली लिहिलंय : 'आपल्या शाळेतल्या जिव्हाळ्याचं चित्र. सर्वांना पटलं तर जिल्ह्याला पाठवते.'
ठरवलं, आता सगळं लिहायचं. वर्कशॉप, नान, सहा मिनिटं चाळीस सेकंद, सगळं. बरंच लिहिलं. वाचलं. लांब झालं होतं, कोणी वाचलं नसतं. पुसलं.
तोवर सगळ्यांचे प्लस येऊन गेले. माझाच राहिला होता. दिसायला वाईट दिसतं, लोक विचारतात.
टाकला. पण यावेळी शेवटी टाकला, हे विशेष.