मोर छाप अननस गोळीचा शोध

सोम., ३ नोव्हेंबर
ह्यांच्या नाशिक गाडीवरच्या मित्राने पिशवी पोचवली. संत्रा गोळी पाव किलो ४५. लिंबू पाव किलो ४०. मिश्र फळांची अर्धा किलो ९०. 'अननस' म्हणून दिलेली पाव किलो ६०. एकूण २३५.
संध्याकाळी उपास सोडल्यावर एकेक चाखली. अननस म्हणतात ती मऊ, दाताला चिकटते. आमची ती कडक, चपटी, पिवळीधमक. उजेडाला धरली तर पलीकडचे दिसे, आणि मधोमध मोराचा ठसा. चघळून पातळ झाली की तिची कड जिभेला लागे. ह्यातली एकही ती नव्हे.
हे म्हणाले, आता वर्षभर पाहुण्यांना चहाबरोबर गोळी. कंडक्टर माणूस, सुट्टे संपले की प्रवाशांना वाटेन म्हणाले. मला हसू आले नाही.

मंगळ., ४ नोव्हें.
गुरवकाकांना देवळात गाठले. म्हटले, नवसाची वस्तू मिळेनाशी झाली तर? ते म्हणाले, "वहिनी, देवीला साखरही पोचते." मी म्हटले, पण मी साखर बोलले नव्हते. यावर ते निरंजन पुसत बसले.
नवस नीट लिहून ठेवते, नंतर शब्द इकडचे तिकडे व्हायला नकोत. आमची रेऊ तेव्हा तिसरीत. 'म' आला की जीभ अडे, पुढचे काही येईना. वर्गात नकला होत. मग तिने बोलणेच सोडले, हजेरीला नुसता हात वर करी. रोज तिन्हीसांजेला देवापुढे तिच्याकडून पोथीचे एक पान वाचून घेई. पान पुरे झाले की एक अननस गोळी. रुपयाला चार मिळत. तेव्हा देवीपुढे बोलले: पोरगी चार माणसांत न अडखळता बोलली, की ह्याच गोळ्या सव्वा किलो वाटीन.
पेढेच बोलणार होते. पेढ्यांचा भाव आठवला आणि गोळी म्हणून गेले. देवीच्या दारात काटकसर केली, तिचे हे फळ.
यंदा रेऊ पोशेऱ्याच्या शाळेत शिक्षिका म्हणून लागली. १५ ऑगस्टला सगळ्या गावासमोर बोलली, एकदाही अडली नाही. मी मागे बायकांत उभी होते. शेजारची विचारते, ही कोणाची गं? सांगितले. दोनदा सांगितले.
तेव्हापासून नवस डोक्यावर आहे.

रवि., ९ नोव्हें.
जव्हारची दुकाने कधीच पालथी घालून झाली. मोखाड्याच्या बाजारातही रंगीत पुड्या, आत हवाच जास्त. एक दुकानदार म्हणाला, काकू, ती कंपनीच उठली. कुठून उठली ते त्याला ठाऊक नाही.
शेजारच्या मालूताईंना कळलेच. म्हणाल्या, "आम्ही नारळ बोलतो बाई. नारळाची कंपनी बंद पडत नाही." बरोबरच आहे. पण तोंडावर कबूल केले नाही.

बुध., १२ नोव्हें.
दाभोसा. ह्यांनीच सुचवले, पाड्यांवरच्या जुन्या दुकानांत डबे वर्षानुवर्षे हलत नाहीत. जीप जाऊन-येऊन ८०.
सोनीबाई म्हणून म्हातारी आहे, घराच्या ओटीवरच दुकान. विड्या, साबण, मीठ. गोळीचे वर्णन केले तर म्हणाली, "मोरवाली? ती कोन घेत नाय आता. पोरांना पुड्यातला लागतं." पण उठली. वरच्या फळीवरून पत्र्याचा डबा काढला, फुंकर मारली. तळाशी सात-आठ गोळ्या विरघळून एक गड्डा झालेला. एकीवर मोर ओळखू येत होता, अर्धा पिसारा.
हातात घेतला. वासही आला, अगदी थोडा.
पैसे विचारले तर म्हणते, "दगडाचं काय पैसं घेऊ? तू मास्तरणीची आईस ना? पोशेऱ्याला माझी नात हाय. घरी येऊन तुझ्या पोरीवानी बोलून दाखविते." हे ऐकले आणि जीप चुकली तरी चालेल असे वाटले. काळा चहा घेतला. जीप चुकलीच.
डब्याच्या झाकणाला आतून कागद चिकटवलेला. अक्षरे पुसट, पण लागली: विसपुते, पंचवटी, नाशिक. फोन नंबर आहे, जुना, आकडे कमी. लागत नाही.

गुरु., १३ नोव्हें.
रेऊचा फोन. उद्या मोखाड्याला तालुक्याच्या बालदिनात शिक्षकांतर्फे हीच बोलणार. सांगताना "म... मोखाड्याला" झाले. मी लगेच बोलून गेले, नवस फेडायचा राहिलाय म्हणून होतेय, गोळ्या मिळेपर्यंत दुसऱ्या कोणाला बोलायला सांग.
ती मग म्हणाली, "आई, दहा वर्षं मी आरशासमोर मोठ्यानं वाचलं. ते कोणाच्या नावावर लिहिलंस?"
फोन ठेवला तिने. जेवण गेले नाही. पोथी काढली, वाचण्यात लक्ष नाही.

शुक्र., १४ नोव्हें.
न कळवता गेले. ह्यांच्याच गाडीने, तिकीट काढून. हे म्हणाले काढू नकोस, मी काढले.
सभागृहात साहेब लोक पुढे, मुले खाली बसलेली. रेऊ हिरव्या साडीत, माझीच. सुरुवात छान. मग मध्येच "मुलांना" म्हणताना अडली. म... म... माझे ओठ आपोआप हलले, तिसरीत हलत तसे. दोनचार मुले खुदकन हसली.
ती थांबली. त्या मुलांकडे बघून स्वतःही हसली. म्हणाली, "हा शब्द मला लहानपणापासून त्रास देतो. पण मी त्याला सोडत नाही." आणि पुन्हा म्हटला, सावकाश. पुढे दहा मिनिटे बोलली. त्यात अजून एकदा अडली, तशीच पुढे गेली. टाळ्या वाजल्या, मुलांनी जास्त वाजवल्या.
बाहेर मला पाहून आधी रागावली, मग पदर नीट करून दिला माझा. म्हणाली, "आधी अडले की खाली बसायचे. आता बसत नाही. एवढाच फरक आहे आई."
हे परतीला म्हणतात, अडखळली म्हणजे अट पुरी झाली नाही, नवस लागूच होत नाही, तुझ्या गोळ्या वाचल्या. तिकिटे फाडता फाडता कायदा काढतात.

शनि., १५ नोव्हें. एकादशी
दिवसभर तेच डोक्यात. देवीकडे मी मागितले काय, तर न अडखळणे. कमीच मागितले. अडखळून उभी राहणारी पोरगी मागायचे मला सुचलेही नव्हते.
देवळात जाऊन तसे सांगितले. आरशासमोरची दहा वर्षे रेऊचीच, तेही सांगितले. नवस मात्र माझा, तो मी फेडणार. आता सव्वा किलोवर भागणार नाही. पोशेऱ्याची सगळी शाळा, जवळच्या सूर्यमाळ गावची मुले. आणि सोनीबाईची नात वेगळी.

रवि., २३ नोव्हें.
ह्यांचा मित्र पंचवटीत जाऊन आला. गोळ्या करणारे विसपुते अण्णा अजून आहेत! वय ऐंशीच्या पुढे. ऐकू येत नाही, फोन घेत नाहीत, पत्र मात्र स्वतः वाचतात. पाकाची कढई विकली. गोळ्या पाडायचा पितळी रूळ, मोर कोरलेला, तो विकला नाही. रोज पुसतात म्हणे. त्यांना पाटीवर लिहून विचारले, तर बोलले, दहा किलोच्या खाली पाक जमत नाही, आणि माझे हात थरथरतात. नाही म्हणाले नाहीत.
रेऊ आली होती. मालूताई डोकावल्या, काय मग, मिळाली का तुमची कंपनी? मी काही बोलायच्या आत रेऊ म्हणाली, "मिळाली, मावशी. आता आम्हीच चालवायला घेतोय." त्या चहा न घेताच गेल्या.

गुरु., २७ नोव्हें. मार्गशीर्ष, पहिला गुरुवार
घट मांडला, कहाणी रेऊने वाचली. दोनदा अडली. आम्ही थांबलो, ती पुढे गेली. मग पत्र लिहायला बसले. नक्कल इथे ठेवते.

ती. अण्णा विसपुते यांस सा. न.
आपली ओळख नाही, पण आपल्या गोळीवर माझी मुलगी वाचायला शिकली. एका पानाला एक गोळी. आज ती पोशेऱ्याला मुलांना वाचायला शिकवते. देवीला आपलीच गोळी बोलले आहे, दुसरी चालत नाही. दहा किलो घेईन, आगाऊ रक्कम पाठवते. आपले हात थरथरतात असे कळले. कढई मी इथून भाड्याने आणते. पाक मला येतो, दिवाळीला दहा घरांचे लाडू वळते, तार बघायला कोणाला बोलावत नाही. आपण फक्त खुर्चीवर बसून सांगायचे. रूळ मी आणि मुलगी फिरवू. आपण होकार दिला तर मार्गशीर्षाच्या शेवटच्या गुरुवारच्या आत कोणत्या दिवशी यावे, आणि अननसाचा अर्क कुठला घेत होता, तेवढे कृपया उलट टपाली कळवावे.