शेजारच्या सीटवरून

८ जानेवारी

ती. वन्संना,
सा. न. वि. वि.

तुमच्या पत्राखाली भाचीने चार ओळी खरडल्या होत्या, त्या दोन दिवस पुन्हा पुन्हा वाचल्या. मामाची शर्यतीची गाडी तिला हवी आहे. द्यायची नाही असं मनात कधीच नव्हतं. कोणी मागितली नव्हती, इतकंच. हे गेल्यापासून ती शेडमध्ये चादरीखाली उभी आहे. धूळ मी पुसते, इंजिन वेल्डरदादा अधूनमधून सुरू करून बघतात. तर गाडी तिची झाली. मार्चमधल्या पहिल्या शर्यतीआधी पोचवते. अट एकच, घेऊन मी येणार.

अडचण आहे ती ओढणाऱ्या गाडीची. हिला ना दिवे, ना नंबरपाटी, रस्त्यावरून न्यायची तर ट्रेलरवर चढवूनच. आणि आपल्या जुन्या जीपची हूक बसवलेली मागची पट्टी गंजून गेली आहे. वेल्डरदादा म्हणाले, वहिनी, ट्रेलर जोडलात तर हूक ट्रेलरपाशी राहील आणि तुम्ही एकट्याच पुढे जाल. म्हणाले हसत, मग त्यांचं त्यांनाच कसंसं झालं.

शेजारच्या दातांच्या डॉक्टरांनी त्यांची गाडी देऊ केली. चकचकीत आहे, पळतेही छान. पण मी वाचनालयातून पुस्तक आणून वाचलंय. ओढायला ताकद पुरते, थांबवायला वजन लागतं. पुढची गाडी मागच्या ओझ्याहून हलकी असली तर उतारावर कोण कोणाला नेतंय ते कळत नाही. शिवाय आत बसून पाहिलं, तर सीटवरून आरशात धड काही दिसेना. नको म्हणून कळवलं. डॉक्टरांनी सुटकेचा श्वास सोडला असावा.

तुमचा गुडघा काय म्हणतो? लोभ आहे तसाच असू द्या, वाढला तर नाही म्हणणार नाही.

तुमची,
धाकटी


१५ जानेवारी

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र ऑफिसात वाचलं आणि एवढी हसले की ड्रायव्हर डोकावून गेले. लग्न होऊन आलीस तेव्हा क्लचला ब्रेक म्हणायचीस, आणि आता जन्मभर मालट्रकचा धंदा केलेल्या नणंदेला वजन शिकवतेस. आमचा बाळ्या असता तर तुझं पत्र गावभर दाखवत फिरला असता.

पण अगं, इतका घोळ कशाला? माझा बंद बॉडीचा ट्रक दर आठवड्याला तुमच्याकडे माल उतरवतो आणि रिकामा परत येतो. गाडी आत चढवायची, चाकं बांधायची, दाराला कुलूप. तू बसने ये, खिडकीशी बसून पुस्तक वाचत. फेब्रुवारी संपेपर्यंत तुझं जमलं नाही तर मी ट्रक पाठवणार. मग रुसायचं नाही. तुझी भाची रोज विचारते, मामी निघाली का.

गुडघा माझ्याआधी म्हातारा झाला, बाकी मी ठीक. वेळेवर जेवत जा, आणि माया आहे हे विसरू नकोस.

तुझी,
खाष्ट नणंद


२ फेब्रुवारी

ती. वन्संना,
सा. न. वि. वि.

ट्रकचं वाईट वाटून घेऊ नका, पण तो नको. बंद ट्रकात गाडी दिसत नाही. हे ट्रेलर ओढायचे तेव्हा माझ्याकडे काम एकच असायचं. ह्यांनी रस्त्याकडे बघायचं, मी आरशात. त्यासाठी जीपला माझ्या बाजूने एक जादा लहान आरसाच बसवला होता. ट्रेलर झुलला किंवा पट्टा सैल पडला तर मी सांगायचं. मध्येच हे विचारायचे, येतेय ना? मी म्हणायची, येतेय. एवढंच बोलणं. पण तेवढ्यावर आमचे दिवसच्या दिवस सरले आहेत. ट्रकात घातली की विचारायला काही उरत नाही.

आणखी दोन गाड्या पाहिल्या. एक भाजीवाल्याचा पिकअप. ओझं असलं की शहाणा, रिकामा असला की मागून उड्या मारतो. मालकाने फिरवून आणलं तेवढ्यात माझी चष्म्याची डबी खिडकीतून गेली.

दुसरी गुरांच्या डॉक्टरांची. ते आता निवृत्त झालेत. गाडी जुनी, लांब, चांगली जड, डिझेलवरची. घोडे न्यायचे म्हणून हूकही बसवलेला आहे आणि आत अजून घोड्यांचा वास आहे. वेल्डरदादा खाली झोपून सगळं बघून आले आणि म्हणाले, वहिनी, डोळे मिटून घ्या. पण मी आत जाऊन बसले, तर आरशात नुसतं कुंपण. ट्रेलर जोडून पाहिला तरी त्याचं चाकसुद्धा दिसेना. डॉक्टर किल्ली पुढे करून बराच वेळ बाहेर उभे होते, त्यांना काय वाटलं कोण जाणे. मी नाही म्हणून आले. वेल्डरदादा रागावले.

तुम्ही तरी रागावू नका. रागावलात तरी पत्र टाका.

तुमची,
धाकटी


९ फेब्रुवारी

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

आधी रागावले. आरसा काय, एका गाडीचा काढून दुसरीला बसवता येतो, आणि हे तुला कळत नाही असं मुळीच नाही. मग पत्र पुन्हा वाचलं. डॉक्टर किल्ली देत होते आणि तू दुसऱ्या दाराने आत जाऊन बसलीस. दातांच्या डॉक्टरांकडे तेच, पिकअपमध्ये तेच. धाकटे, तू प्रत्येक गाडी शेजारच्या सीटवर बसून पाहिलीस. मग चालवणार कोण?

टोचून बोलत नाही. मीही त्याला कडेवर वाढवलंय. ऑफिसबाहेर कोणी लांब हॉर्न दिला की अजून माझी मान वर होते, आणि मग समोरच्या बिलात उगाच काहीतरी शोधते.

ट्रक तयार आहे. तो घेतलास तर मी एका शब्दाने चिडवणार नाही. काय ते तूच ठरव. तुझ्यावरची माया त्यावर अवलंबून नाही.

तुझी,
नणंद


२४ फेब्रुवारी

ती. वन्संना,
सा. न. वि. वि.

तुमचं पत्र वाचलं आणि तशीच उठून शेडमध्ये गेले, जीपमध्ये बसले. शेजारच्याच सीटवर. तिथे बसून तुमचा फार राग आला. एवढ्या माणसांनी समोर पाहिलं, कोणी बोललं नाही. तुम्हाला तिकडे बसून दिसलं. गाडी मला येते, बाजारहाट मीच करते. पण मागे ट्रेलर असला की माझी जागा ठरलेली. मी ती शोधत होते, वन्सं. ह्यांची जागा रिकामी आहे, हे बघायचंच राहून गेलं.

दुसऱ्या दिवशी गुरांच्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी पुन्हा किल्ली पुढे केली आणि मी ती घेतली. सीट पुढे ओढली, आरसा वळवला, सगळा ट्रेलर दिसला.

गाडी घेतली. बंद पडलेल्या गिरणीच्या आवारात रोज रिकामा ट्रेलर मागे घेते. तो उजवीकडे न्यायचा तर स्टिअरिंग डावीकडे फिरवायचं. पुस्तकात सोपं वाटतं. एक पिंप आडवं केलं. वेल्डरदादा म्हणाले, पिंपाचीच चूक. काल पहिल्यांदा सरळ मागे गेले. शर्यतीची गाडी चढवूनही पाहिली. ती थोडी पुढे उभी करावी लागते, हुकावर जरा भार पडला म्हणजे ट्रेलर झुलत नाही.

दहा मार्चला निघते. जीपचा लहान आरसा काढून नव्या गाडीला शेजारच्या बाजूने बसवला आहे. कोणासाठी ते विचारू नका. लोभ धरला आहे, तो सोडू नका.

तुमची,
धाकटी


१ मार्च

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

विचारत नाही. नऊ तारखेला संध्याकाळच्या बसने पोचते. गुडघ्याला कळवलंय, तो नाराज आहे. ऑफिस तुझी भाची बघेल. इतके ट्रक रस्त्यावर घातले, पण कोणाच्या शेजारी बसून लांब अशी मी कधी गेले नाही. तेव्हा आरशात नेमकं काय बघायचं असतं, ते आधी लिहून कळव. मला ऐनवेळी शिकवलेलं आवडत नाही.

तुझी,
नणंद


५ मार्च

ती. वन्संना,
सा. न. वि. वि.

बघायचं फारसं नसतं. गाडीचं नाक आरशाच्या मधोमध असलं की सगळं ठीक. डुलायला लागलं तर लगेच सांगा, मी वेग हळूहळू कमी करेन. पट्टा फडफडला तर थांबू. बाकी वेळ खुशाल रस्ता बघा, डुलकी आली तर घ्या. पण फार वेळ नको.

कारण मध्येच कधीतरी मी विचारेन. ठरवून नाही, रस्ता लांबला की आपोआप विचारलं जाईल. मी ते कधी विचारलेलं नाही, नेहमी उत्तरच दिलंय, त्यामुळे आवाज कसा निघेल सांगता येत नाही. तुम्ही माझ्याकडे बघू नका. आरशात बघा, खरंच बघा, आणि मग एवढंच म्हणा, येतेय.

बाकीचा लोभ शेजारी बसून करावा.

तुमची,
धाकटी