दोन चापट्या

गार्डन रीच, कलकत्ता
९ फेब्रुवारी १९७७

प्रिय कालिंदी,

माझं अक्षर ओळखून हे पत्र फाडून टाकावंसं वाटेल तुला. फाड, पण आधी वाच. नऊ वर्षांत एक ओळ लिहिली नाही, आणि आज लिहिते आहे ती स्वार्थापोटी, हे आधीच सांगून टाकते. माझ्या सुचित्राचं काम आहे. गेल्या वर्षी तिचं लग्न झालं, आणि ती तुझ्याच नागपुरात आहे. तुझा पत्ता मजुमदारबाईंनी दिला. दर विजयादशमीला तू त्यांना पत्र घालतेस, हे मला परवा कळलं. सहा वर्षं तुझ्या भिंतीला भिंत लावून राहिले मी, आणि तू शाळेत शिकवतेस ही बातमी मला बंगाली शेजारणीकडून! बरोबरच आहे म्हणा. मी कोण लागून गेले?

भिंतीपलीकडे तुझ्या मनोहररावांचा आवाज चढला, की आमचे श्यामराव रेडिओ मोठा करायचे. मी विनाकारण भांडी घासायला घ्यायचे. सकाळी तू पदर गालावर ओढून कपडे वाळत घालायला यायचीस, आणि मी काय म्हणायचे, आठवतं? तुला आठवत नसेल असं कसं होईल! तापट आहेत गं, पण मनात काही नसतं. दोन चापट्या म्हणजे काही मार नव्हे. एका हळदीकुंकवाला तुझा ओठ फाटलेला होता, तर मी सगळ्यांदेखत म्हणाले, की रावांचं प्रेम जरा जास्तच उतू गेलेलं दिसतंय. आपल्या मंडळाच्या दहा-बारा जणी होत्या. सगळ्या फिदीफिदी हसल्या. तूही हसलीस, आणि हसताना ओठातून पुन्हा रक्त आलं. मग मी तुला तिळाचा लाडू दिला. मोठी गंमत केली असं वाटलं होतं मला त्या दिवशी.

मजुमदारबाई एकदा आमच्याकडे धावत आल्या होत्या, तुला माहीत नाही. मोडक्यातोडक्या हिंदीत विचारत होत्या, तिकडे बाईला मारतायत, आपण जायला नको का? मी त्यांना दारातच थोपवलं. म्हटलं, त्यांची आपली नेहमीची कुरबुर आहे, सकाळी बघा कशी गोड बोलतील. त्या बाईला मराठीचा एक शब्द कळत नव्हता. म्हणून तिला फक्त मार ऐकू आला. मला मात्र कुरबुर ऐकू येत होती.

आणि तो दिवस. भर दुपारी तू दारात उभी, हात गळ्यात बांधलेला, दुसऱ्या हातात पिशवी. हावड्यापर्यंत सोबत ये, मुंबई मेलमध्ये बसवून दे, एवढंच मागत होतीस. मी तुला बसवलं, चहा टाकला, आणि मागच्या दाराने श्यामरावांच्या शिपायाला मनोहररावांच्या ऑफिसात पिटाळलं. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. चहा गाळून आणला तर तू नव्हतीस. तुला मजुमदारबाईंनी गाडीत बसवलं. नंतर कितीतरी दिवस मी येईल त्याला सांगत होते, जरा सोसलं असतं तर संसार राहिला असता हो बिचारीचा.

त्या सगळ्या वेळी सुचित्रा तिथेच असायची. तू गेलीस तेव्हा अकरा वर्षांची होती, जमिनीवर पालथी पडून गणितं करायची. तिला शाळेत बंगाली नि इंग्रजी, बाहेर हिंदी. मराठी बोलायला घरातली आम्ही दोघं, त्यात श्यामराव मुखदुर्बळ. म्हणजे तिच्या तोंडात मराठी म्हणून जे काही आहे, ते सगळं माझं. माझेच शब्द, माझाच हेल, माझंच ‘अगं बाई’. लोक कौतुक करायचे, कलकत्त्यात वाढून पोरगी किती छान मराठी बोलते! मी फुशारून जायचे.

गेल्या बुधवारी तिचं पत्र आलं. थंडी बरी आहे, साबुदाणा वडे जमले, आणि मग लिहिते: “परवा यांचा हात उठला. तापट आहेत, पण मनात काही नसतं. दोन चापट्या म्हणजे काही मार नव्हे. डाव्या कानाने ऐकू येत नाही, होईल बरं. काळजी करू नकोस.” मी हे श्यामरावांना वाचून दाखवत होते. कानाचं वाक्य येईपर्यंत मी हसत होते गं! सवयीने हसत होते. श्यामराव दाढी करत होते, ते म्हणाले, सुरुवातीला होतं असं. मी तांब्या आपटला. तारेने कळवलं, ताबडतोब निघून ये. तिचं उलट पत्र आज आलं. म्हणते, आई, तुला झालंय काय? कालिंदीमावशीने जरा सोसलं असतं तर, असं तूच म्हणायचीस ना?

शनिवारच्या मेलने मी निघते आहे, श्यामराव येवोत न येवोत. पण माझं ती ऐकणार नाही. माझ्याविरुद्ध तिच्याकडे माझेच शब्द आहेत. म्हणून तुझ्याकडे पदर पसरते. हे पत्र मिळेल त्याच दिवशी तिच्याकडे जा, माझी वाट बघू नकोस. जावई, गुरुदत्त, साडेनऊला कामावर जातो. पत्ता मागे लिहिला आहे. तिला आधी कानाच्या डॉक्टरकडे ने. तुझा हात वाकडाच जुळला, असं मजुमदारबाई म्हणाल्या. तो तिला दाखव. मी शिपायाला पाठवलं होतं, तेही सांग. आणि तिच्या उजव्या बाजूला बसून, ऐकू जाईल असं सांग, की मार म्हणजे मार. हे तिने माझ्या तोंडून कधी ऐकलेलं नाही.

तुझीच म्हणायला तोंड नाही, तरी तुझीच,
प्रेमलता