लूम बंद करायची खूण

भटूदादा,

नव्या फ्लॅटमध्ये सगळं ठीक आहे. पर्वत पाटियाच्या आपल्या चाळीतल्या गोंगाटातून इथं आलं की कान मोकळे होतात. सोसायटी शांत आहे म्हणूनच हे घर घेतलं, आणि त्या शांततेपायीच वास्तूच्या दिवशी मी तुझं तोंड बंद केलं.

तू गॅलरीतून खालच्या लोकांना सांगत होतास, "हाई घर मना भाऊनं शे!" तीस वर्षं लूमवर काढून तुझे कान गेलेत, तुला तुझा आवाज कुठून कळणार? समोरच्या दोन खिडक्या उघडल्या. मला लाज वाटली. मी तुझ्यापुढं आडवा तळवा धरला.

कारखान्यात काही ऐकू यायचं नाही, म्हणून आपण हातानं बोलायचो. धागा तुटला की ही खूण: लूम बंद कर. तूच शिकवलेली. तू लगेच थांबलास, आणि काय तुटलं म्हणून इकडंतिकडं बघायला लागलास.

कुसुमवहिनीला मी म्हटलं, शेजारी आजारी आहेत. कुणी आजारी नव्हतं, दादा.

तुझी भावजय योगिता पुरणपोळी वाढायला आली, तर तू हातानंच पुरे म्हणालास. जाताना निरोपही हातानंच घेतलास.

तुला वाचता येत नाही. वहिनी हे पत्र तुला ओरडून वाचून दाखवील आणि सगळी चाळ ऐकेल. म्हणून पाठवत नाही. बघ, अजून मला लोकांचीच लाज.

लूम पुन्हा चालू करायची खूणही तू शिकवली होतीस. त्या दिवशी माझे दोन्ही हात मोकळे होते.

तुझा,
गजेंद्र