मागच्या बाकावरून

प्रिय लोरेटा,

सेंट लुइसहून लिहितेय. खाजगी कॉलेजांच्या डीन मंडळींचं नेहमीचं वार्षिक संमेलन. माझ्या नावाच्या पट्टीखाली यंदा 'अकरावं वर्ष' अशी हिरवी फीत लटकतेय. नवख्यांना पिवळी मिळते आणि मग जो तो त्यांना सल्ले देत सुटतो. जेवताना विषय एकच: मुलं घटली, आता कुठला विभाग बंद करायचा?

काल 'अवघड संभाषणांचा सराव' होता. जोडीतल्या एकाने डीन व्हायचं, दुसऱ्याने जिचा विभाग बंद होणार त्या प्राध्यापिकेची भूमिका करायची. माझ्या वाट्याला प्राध्यापिका आली. समोर ओहायोचा वेंडेल, हातात छापील वाक्यं. "मॅडम, आकडे तुमच्यासमोर आहेतच," त्याने सुरुवात केली. मी तुझ्यासारखा चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि म्हटलं, "आकडे पुरते बघा की. माझ्या विभागात सातच मुलं, कबूल. पण गावातल्या जर्मन कारखान्यात लागलेली अकरा मुलं जर्मन कुणाकडे शिकली? त्यांना तुम्ही वाणिज्य विभागात मोजलंत!" वेंडेलने कागद उलटापालटा केला. "याचं उत्तर इथे छापलेलंच नाही," म्हणाला. सगळे हसले. मग त्याने हळूच विचारलं, "ही बाई खरी आहे ना? समितीला सांगितलंय का तिने हे?" मी म्हटलं, "ती बोलत नाही रे. ती पुटपुटते."

आठवतं? शाळेत सिस्टर बेनिग्ना लॅटिनची रूपं विचारायच्या, तेव्हा मागच्या बाकावरून तू कुजबुजायचीस आणि मी उभी राहून खणखणीत आवाजात सांगायचे. बक्षिसाची संतांची चित्रं मला मिळायची. माझ्या प्रार्थनापुस्तकात ती अजून आहेत. एकही माझं नाही. त्या अकरा मुलांचंही तू मला रविवारी चेरीचा केक कापताना पुटपुटत सांगितलं होतंस, आणि मी दुसरा तुकडा मागून विषय बदलला होता.

विषय का बदलला, ते फोनवर सांगितलं तर तू नुसतं हं-हं करून फोन ठेवशील, म्हणून हे पत्र कुरिअरने पाठवतेय. बंद करायच्या विभागांच्या यादीत जर्मन मीच लिहिलं, लोरेटा. तीन आठवड्यांपूर्वी, तुला न विचारता. आज सकाळी आपल्या कॉलेजच्या अध्यक्षांना फोन करून ती यादी परत मागितली. "कोलेट, हे शिकायला पाठवलं का तुला तिकडे?" ते वैतागले. "हेच शिकायला," मी म्हटलं. गुरुवारी दहा वाजता समितीसमोर वीस मिनिटं तुझी आहेत. तुझ्या वतीने मी बोलणार नाही. बोलले, तर चित्र पुन्हा मलाच मिळेल. या वेळी तू उभी राहा. मी मागे बसते. अडलीस, तर कुजबुजेन.

तुझीच, या खेपेला मागच्या बाकावरची,
कोलेट